पाड्यात माणसं किती, आणि ती बारा महिने कशावर जगतात: मोजायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा: साधारण सत्तर घरांचा आदिवासी पाडा आहे. ग्रामसभेच्या आराखड्यासाठी लोकसंख्या आणि उपजीविका यांची माहिती हवी. जनगणनेत एक आकडा, आशाताईंच्या वहीत दुसरा, रेशनच्या यादीवरून काढला तर तिसरा. यातला खरा कोणता? आणि ‘मुख्य व्यवसाय: शेती’ याच्या पलीकडचं काही कळण्यासाठी काय विचारायचं?

तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. पाड्याची लोकसंख्या हा एक आकडा नसतोच. जानेवारीत ती वेगळी असते, मे महिन्यात वेगळी. उपजीविकेचंही तसंच. म्हणून आधी दप्तरातले आकडे कसे वाचायचे ते बघू, मग स्वतःची मोजणी.

जनगणनेपासून सुरुवात करा. पहिली गोष्ट, तिथला ‘गाव’ म्हणजे महसुली गाव. पाडा, वाडी, टोला, गुडा हे जनगणनेच्या तक्त्यात वेगळे दिसत नाहीत. सहा पाड्यांचं मिळून एक महसुली गाव असेल तर तुमच्यासमोरचा आकडा सहाही पाड्यांचा आहे. त्याला सहाने भागून आपला पाडा काढणारे आराखडे सर्रास दिसतात. तसं करू नका.

दुसरी गोष्ट तारखेची. २०११ च्या जनगणनेत घरोघरची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली आणि संदर्भ क्षण १ मार्चच्या सुरुवातीचा होता. नियम असा की जो माणूस त्या पूर्ण काळात घरी नव्हता, त्याची नोंद घरी करायची नाही. तो जिथे असेल तिथे व्हायची. आता फेब्रुवारीत जव्हार-मोखाड्याचा माणूस भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर असतो, धडगाव-अक्कलकुव्याचा गुजरातेत ऊसतोडीला असतो. भट्टीवरच्या खोपटात प्रगणक पोचला तर तो तिथल्या गावात मोजला जातो, नाही पोचला तर कुठेच नाही. म्हणजे स्थलांतर जितकं जास्त, तितका जनगणनेचा आकडा कमी. तूट सगळ्या घरांत सारखी पसरत नाही, ती नेमकी भूमिहीन आणि कर्जात असलेल्या घरांत पडते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च २०२७ आहे, म्हणजे हंगाम तोच. पाड्यातली माणसं बाहेर कुठे आहेत याची यादी तयार असेल तर निदान कोण सुटलं ते सांगता येईल.

तिसरी गोष्ट आश्रमशाळेची. वसतिगृहात राहणारी मुलं तिथेच, संस्थात्मक कुटुंबात मोजली जातात. त्यामुळे पाड्यात शाळकरी वयाची मुलं कमी दिसतात, आणि ज्या गावात आश्रमशाळा आहे ते गाव एकदम फुगतं. तिथलं साक्षरतेचं आणि मुलामुलींचं प्रमाणही विचित्र येतं. एखाद्या छोट्या गावात दहा ते सोळा वयाचे लोक भरमसाट दिसले तर आधी आश्रमशाळा आहे का ते विचारा.

तक्ता वाचताना दोन चुका हमखास होतात. साक्षरता सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांचीच मोजतात, त्यामुळे भागाकार करताना ० ते ६ वयाची मुलं वजा करावी लागतात. समजा पाड्यात ३४२ लोक, त्यात ५८ मुलं सहा वर्षांपर्यंतची, आणि १५० साक्षर. १५० ला ३४२ ने भागलं तर ४४ टक्के येतात. योग्य भागाकार २८४ ने, म्हणजे ५३ टक्के. दुसरी चूक लिंग गुणोत्तराची, म्हणजे हजार मुलग्यांमागे मुली किती याची. लहान पाड्यात २१ मुलगे आणि २७ मुली असतील तर हजारी १२८६ येतं, दोन वर्षांनी तेच ९०० वर उतरू शकतं. पन्नास मुलांवरून हजारी काढू नये, सरळ ‘२१ आणि २७’ असं लिहावं. राज्यातल्या अनुसूचित जमातींचं २०११ चं गुणोत्तर ९७७ आणि एकूण राज्याचं ९२९ होतं. ही तुलना जिल्ह्याच्या पातळीवर ठीक, सत्तर घरांवर नाही.

आता कामाचे रकाने. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर ‘मुख्य काम करणारा’, त्याहून कमी तर ‘सीमांतिक’. मग प्रत्येकाला चारांपैकी एका खान्यात टाकतात: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. एका माणसाला एकच खाना. पावसाळ्यात स्वतःचं भात लावणारी, दिवाळीनंतर भट्टीवर जाणारी, चैत्रात मोह वेचणारी बाई एकाच खान्यात बसते. वनोपजावर जगणारा माणूस ‘इतर’ मध्ये जातो, म्हणजे शिक्षक आणि जीपचालक यांच्याच ओळीत. घरच्या चुलीपुरतं सरपण आणणं हे तर कामात धरलंच जात नाही. म्हणून ‘गावात ८० टक्के शेतकरी’ हे वाक्य आकड्याने बरोबर आणि अर्थाने फसवं असतं.

बाकीची दप्तरं पटकन. आशा आणि अंगणवाडीची वही कुटुंबावर चालते, त्यामुळे बाहेर गेलेलेही तिच्यात असतात. पण बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली कधी दोन्हीकडे लागतात, तर कधी कुठेच नाही. मतदार यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली आणि वारलेली माणसं बरीच वर्षं राहतात. रेशनमध्ये एक गंमत आहे: अंत्योदय कार्डाला घरात कितीही माणसं असली तरी महिन्याला ३५ किलोच मिळतात, त्यामुळे नवीन मुलाचं नाव चढवायची घाई कोणी करत नाही, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, तिथे नाव कमी करायची घाई कोणी करत नाही. एकाच यादीत एकीकडे माणसं कमी पडतात, दुसरीकडे जास्त.

कोणत्या कामाला कोणता आकडा चालतो हे आधी ठरवा, नाहीतर मोजणी वाया जाते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात आदिवासी भागात २५० लोकसंख्येची वस्ती धरतात आणि पाया २०११ च्या जनगणनेचाच आहे. तिथे तुमची ताजी मोजणी पुरावा म्हणून जोडता येईल, पण आकडा त्यांचाच चालेल. अंगणवाडीचा निकष आदिवासी भागात ३०० ते ८०० लोकसंख्येला एक, आणि १५० ते ३०० ला मिनी अंगणवाडी असा राहिला आहे. आरोग्य उपकेंद्र ३,००० ला, प्राथमिक आरोग्य केंद्र २०,००० ला. २९० आणि ३१० यांच्यात माणसं वीसच, पण अंगणवाडीसाठी ती निर्णायक ठरतात.

आता स्वतःची मोजणी. वर्षातून दोन फेऱ्या करा. पहिली जूनच्या मध्यापासून, आवण (भाताच्या रोपांचं बी) टाकून झालं आणि लावणी अजून सुरू नाही अशा दोन-तीन आठवड्यांत. तेव्हा बहुतेक माणसं घरी असतात आणि संध्याकाळी बोलायला वेळही असतो. जुलैत लावणी लागली की कोणी बसून उत्तरं देणार नाही, आणि देऊही नयेत. दुसरी फेरी जानेवारीत. तिचं काम एकच: कोण नाही, कुठे गेलंय, कधी गेलं, कोणाबरोबर. होळीला माणसं परततात म्हणून होळीत मोजणी करावी असं सुचवलं जातं. पण तेव्हा पाहुणेही असतात आणि चार दिवसांत पुन्हा निघणारेही, त्यामुळे गोंधळच जास्त होतो.

सुरुवात कागदाने करू नका. मोकळ्या अंगणात राखेने किंवा रांगोळीने पाड्याचा नकाशा काढा: वाट, ओढा, विहीर, हातपंप, शाळा, मग घरं. घर दाखवायला खडे, प्रत्येक खड्याजवळ त्या घरातली माणसं ठेवायला चिंचोके. बायका पुढे झाल्या की नकाशा लगेच दुरुस्त होतो. पाड्याच्या कडेला, कोणाच्या तरी खासगी जागेवर राहणारी तीन-चार घरं या वेळी मुद्दाम विचारावी लागतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात ती बहुधा कातकऱ्यांची असतात आणि पाड्यातले लोकही त्यांना ‘आपल्यात’ धरत नाहीत. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमाती. त्यांच्यासाठीच्या योजना वेगळ्या, त्यामुळे त्यांची घरं वेगळी दिसली पाहिजेत. नकाशा पक्का झाला की भिंतीवर गेरूने क्रमांक टाकत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जा.

कुटुंब म्हणजे चूल. एका छपराखाली तीन चुली असतील तर तीन कुटुंबं. पण चूल वेगळी आणि कणगी (धान्य साठवायची) एकच असंही असतं: भाऊ वेगळे झाले, शेत मात्र एकत्र कसतात आणि धान्य वाटून घेतात. म्हणून दोन रकाने ठेवा, चूल क्रमांक आणि कणगी क्रमांक. लोकसंख्येला पहिला वापरा, शेतीच्या उत्पन्नाला दुसरा. हे न केल्यास एकच आठ क्विंटल भात तीन भावांच्या नावावर तीनदा लागतं.

माणशी एवढंच लिहा: नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, लिंग, जन्मवर्ष, लग्न झालं की नाही, आणि उपस्थितीची खूण. खुणा साध्या ठेवा: ‘क’ कायम घरी, ‘ह’ हंगामी बाहेर, ‘श’ आश्रमशाळा किंवा वसतिगृह, ‘न’ नोकरीला कायम बाहेर. लग्न होऊन गेलेली मुलगी यादीत नको, घरजावई हवा. आधारच्या प्रती गोळा करू नका. मोजणीला त्यांची गरज नाही आणि त्या कुठे फिरतील हे तुमच्या हातात राहत नाही.

वय विचारलं की ३०, ३५, ४०, ५० अशीच उत्तरं येतात. जन्मवर्ष काढायला घटनांची पट्टी तयार करा. १९७२ चा दुष्काळ बहुतेक सगळीकडे चालतो: ‘तेव्हा चालत होता का, गुरांमागे जात होता का, लग्न झालं होतं का?’ बाकीच्या खुणा स्थानिक घ्या, शाळा कधी बांधली, धरणाचं काम कधी लागलं, वीज कधी आली. लहान मुलांचं वय लसीकरणाच्या कार्डावरून. कार्ड नसेल तर सण विचारा. पोळ्याच्या आधी की नंतर, एवढं आईला नक्की आठवतं.

जन्म आणि मृत्यू यांची नोंद सगळ्यात कच्ची राहते. ‘गेल्या वर्षी कोणी वारलं का’ असं विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, चार दिवसांचं बाळ सांगत नाहीत. त्याचं बारसं झालेलं नसतं, त्यामुळे ते ‘माणूस’ म्हणून यादीत येत नाही. हा प्रश्न बाईने बाईला, एकटीत विचारायचा, आणि उलट्या बाजूने: बाळंतपणं किती झाली, त्यातली किती मुलं आज आहेत, एखादं भट्टीवर झालं का. मुदत ‘गेल्या होळीपासून या होळीपर्यंत’ अशी सांगा. ‘गेल्या बारा महिन्यांत’ म्हटलं की कोणी आठ महिने धरतं, कोणी दोन वर्षं.

ही माहिती हातात आली की महिनावार हजेरी काढा. वरचंच उदाहरण घेऊ: यादीत ३४२ नावं, त्यातली ३१ मुलं आश्रमशाळेत दहा महिने, आणि लेकराबाळांसह ११२ माणसं डिसेंबर ते एप्रिल असे पाच महिने बाहेर. जुलैत पाड्यात ३११ असतील, जानेवारीत १९९, आणि मे महिन्यात सुट्टी लागलेली, भट्ट्या बंद होत आलेल्या, तेव्हा पूर्ण ३४२. वर्षाची सरासरी २७० च्या आसपास येते. पण सरासरीचा उपयोग फार थोड्या ठिकाणी आहे. पिण्याच्या पाण्याचा हिशोब बघा. माणशी ५५ लिटर धरले तर १९९ माणसांना दिवसाला सुमारे ११,००० लिटर लागतात, ३४२ ना १८,८१०. विहीर तळाला जाते तेही मे महिन्यात, आणि माणसं सगळ्यात जास्त असतात तीही मे महिन्यात, शिवाय लग्नाचे पाहुणे आणि गुरं. हिवाळ्यात पाहणी करून ‘पाणी पुरेसं’ लिहिलेल्या योजना याच कारणाने उन्हाळ्यात बसतात. उलट अंगणवाडीच्या पोषण आहाराला जानेवारीचा आकडा बघावा लागतो, कारण भट्टीवर गेलेल्या मुलाचा आहार पाड्यात शिजत असतो आणि मूल तिथे नसतं.

उपजीविकेकडे येऊ. ‘मुख्य व्यवसाय’ हा रकाना काढून टाका. त्याच्या जागी बारा महिन्यांचा तक्ता ठेवा, आणि महिने इंग्रजी नकोत, लोकांचे टप्पे घ्या: राब (रोपांसाठी जमीन भाजणं), पेरणी, लावणी, बेणणी (तण काढणं), कापणी, झोडणी, दिवाळी, होळी, मोह, तेंदू. प्रत्येक टप्प्याला तीन गोष्टी विचारा: घरातलं कोण काय काम करतं, त्यातून धान्य आलं की रोख की जुनं देणं फिटलं, आणि त्या काळात घर कशावर चाललं. तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. ‘दुकानदाराकडून उधार’ किंवा ‘शेळी विकली’ हे उत्तर पहिल्या दोन प्रश्नांतून कधीच येत नाही.

जमीन विचारताना सातबारावर थांबू नका. सातबारा आजोबाच्या नावावर असतो आणि कसणारे पाच चुलत भाऊ. शिवाय वनहक्काचा पट्टा वेगळा. वनहक्क कायदा २००६ चा, आदिवासींसाठी ताब्याची अट १३ डिसेंबर २००५ पूर्वीची, आणि वैयक्तिक हक्काची कमाल मर्यादा ४ हेक्टर. प्रत्यक्षात दावा दोन एकरांचा आणि मंजुरी वीस गुंठ्यांची असे प्रकार पुष्कळ. म्हणून चार आकडे वेगळे घ्या: सातबारावर किती, पट्ट्यात किती, कसतो किती, आणि दुसऱ्याला कसायला दिलेली किती. शेवटचा आकडा सहज मिळत नाही. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ ची बंधनं आहेत, त्यामुळे गहाण टाकलेली जमीन कोणी ‘गहाण’ म्हणत नाही. ‘यंदा त्या तुकड्यात कोणी पेरलं?’ असं विचारलं तर सांगतात.

जमिनीचा प्रकारही लिहा, कारण एकर सारखे नसतात. पालघर-नाशिक पट्ट्यात भाताचं खाचर आणि नागली-वरई-खुरासणीची वरकस (उताराची, हलकी) जमीन यांच्या उत्पन्नात मोठा फरक. वरकस जमीन दोन-तीन वर्षं कसून पडीक ठेवतात, त्यामुळे पाच एकर असलेला माणूस यंदा दोनच एकर पिकवत असतो. मेळघाटात सावा-कुटकी, सातपुड्यात ज्वारी-मका, गडचिरोलीत धानाच्या बांध्या; तुमच्या पाड्यात जे असेल त्याप्रमाणे खाने करा, छापील फॉर्मचे घेऊ नका.

उत्पन्न मापून घ्या. पायली, मण, खंडी ही मापं गावागणिक वेगळी, आणि पायलीभर भात व पायलीभर नागली यांचं वजनही वेगळं. पाड्यातली पायली एकदा प्रत्येक धान्याने भरून तराजूवर तोला, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, मग सगळीकडे पायलीतच विचारा.

एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर हा विचारा: घरचं धान्य किती महिने पुरतं? आणि उत्तर हिशोबाने ताडून बघा. समजा पाच माणसांच्या घरात ९ क्विंटल भात झालं. बियाण्याला ४० किलो आणि देण्याघेण्यात १ क्विंटल गेलं, उरलं ७६० किलो. भरडून साधारण ६५ टक्के तांदूळ धरला तर ४९४ किलो. माणशी महिन्याला १५ किलो, म्हणजे घराला ७५. नोव्हेंबरच्या मध्यापासून मोजलं तर तांदूळ जूनच्या सुरुवातीला संपतो. प्राधान्य कार्डाचे २५ किलो दर महिन्याला नियमित मिळाले तर घरच्या कणगीतून ५० च लागतात आणि तोच साठा सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत जातो. जून ते सप्टेंबर हा फरक फक्त रेशनचा. आणि हेच महिने लावणी-बेणणीचे, म्हणजे सगळ्यात जड कामाचे. हळवं (लवकर पिकणारं) भात असलेलं घर लवकर सुटतं, गरव्यावर (उशिरा पिकणाऱ्यावर) अवलंबून असलेलं आणखी महिनाभर ओढतं. त्यामुळे भाताचा वाण कोणता, हळवा, निमगरवा की गरवा, तेही लिहा.

वनोपजात सगळ्यात मोठी चूक ओल्या-सुक्याची. मोहाची फुलं वाळल्यावर वजन निम्म्याहूनही कमी होतं. एकाने ओलं सांगितलं, दुसऱ्याने वाळलेलं, आणि दोन्ही एकाच रकान्यात गेलं की पुढचा सगळा हिशोब बिघडतो. किती विकलं आणि किती घरात ठेवलं ते वेगळं विचारा, आणि विकलं तर केव्हा. चैत्रात पडत्या भावाने विकून श्रावणात त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने विकत घेणारी घरं असतात. दोन्ही भाव लिहिले की साठवणुकीची सोय किती कामाची ते आपोआप दिसतं. झाड कोणाचं हेही विचारा. जंगलातल्या मोहाच्या झाडांवरही घरांची ठरलेली वहिवाट असते, ती कागदावर नसते.

तेंदूचं माप पक्कं आहे, त्याचा फायदा घ्या. आपल्या राज्यात ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पानं. दर शंभर पुड्यांवर बोलतात. एका घराने दिवसाला १५० पुडे असे १४ दिवस केले तर २,१०० पुडे, म्हणजे २.१ गोणी. हंगाम एप्रिल अखेर ते मे, तोही जेमतेम दोन-तीन आठवडे. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की पानाला डाग पडतो आणि फळीवर (पानं घेण्याच्या केंद्रावर) पुडे नाकारले जातात. त्यामुळे तोडलेले पुडे आणि घेतलेले पुडे हे दोन आकडे वेगळे. मजुरी आणि नंतर मिळणारी रॉयल्टी किंवा बोनस हेही वेगळे लिहा, कारण दुसरी रक्कम बऱ्याचदा पुढच्या वर्षी येते आणि चुकीच्या वर्षात मोजली जाते. जिथे सामूहिक वनहक्क मिळालेत तिथे ग्रामसभा स्वतः विक्री करते. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) ला सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाले आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. अशा ठिकाणी ग्रामसभेच्या खात्यातली रक्कम घराच्या उत्पन्नात मिसळायची नाही, वेगळं पान ठेवायचं.

स्थलांतराची माहिती घेताना रोजंदारी विचारून काही हाती लागत नाही. व्यवहार उचलीपासून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशापासून सुरू होतो. पावसाळ्यात धान्य संपलं, कोणी आजारी पडलं, की मुकादमाकडून (मजूर गोळा करून नेणाऱ्याकडून) किंवा मालकाकडून उचल घेतली जाते. मग भट्टीवर आठवड्याची खर्ची (खाण्यापिण्यापुरते पैसे) मिळते आणि शेवटी हिशोब होतो. समजा एका जोडीने २० आठवड्यांत ९०,००० विटा पाडल्या आणि दर हजारी ७०० रुपये ठरला होता. कामाचे झाले ६३,०००. उचल २५,०००, खर्ची आठवड्याला १,५०० प्रमाणे ३०,०००. हिशोबाला हातात आले ८,०००. पाहणी करणारे इथे ६३,००० मध्ये उचल पुन्हा मिळवतात आणि ८८,००० लिहून मोकळे होतात. खरं तर २५,००० श्रावणातच खर्च झाले, ३०,००० भट्टीवर खाल्ले गेले, पाड्यात आले ते ८,०००. शिवाय ६३,००० दोन माणसांच्या २० आठवड्यांचे आहेत. आठवड्याला सहा दिवस धरले तर माणशी रोज २६२ रुपये पडतात, आणि हाताखाली राबणारी मुलं यात धरलेलीच नाहीत. हिशोबाला पैसे येण्याऐवजी बाकी निघाली असेल तर ती आवर्जून लिहा. बाकी फेडायला पुढच्या वर्षी तिथेच जावं लागणं आणि दुसरीकडे जाता न येणं, ही १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यातली बाब होते. ती उपजीविकेच्या तक्त्यात ‘मजुरी’ म्हणून पुरून टाकू नये.

रोजगार हमीबद्दल दोनच गोष्टी. जॉबकार्ड जुन्या एकत्र कुटुंबाचं असतं आणि हमीचे दिवस कार्डावर मोजले जातात. तीन चुलींत एक कार्ड असेल तर दिवस तिघांत वाटले जातात. म्हणून चूल क्रमांकासमोर कार्ड आहे की नाही ते लिहा. दुसरं, काम मागितलं की दिनांकित पावती घेतली का ते विचारा. पावतीशिवाय मागणी सिद्ध होत नाही. ‘लोक हमीच्या कामाला येत नाहीत’ असं ऐकू येतं, त्याचं कारण साधं आहे. हमीचा पैसा काम झाल्यावर येतो, भट्टीचा पैसा काम सुरू व्हायच्या दोन महिने आधी.

जनावरं मोजताना आज किती आहेत यापेक्षा वर्षात किती विकली, किती मेली आणि का विकली हे जास्त सांगून जातं. शेळी कुठल्या महिन्यात विकली ते वरच्या धान्याच्या हिशोबाशी जोडून बघा, बहुधा कणगी रिकामी होते त्याच सुमारास. कोंबड्या मानमोडी रोगाने एका आठवड्यात साफ होतात, त्यामुळे ‘कोंबड्या: १५’ ही नोंद महिनाभरही टिकत नाही. सरपणाच्या मोळ्या, रानभाज्या, खेकडे-मासे, मध, डिंक हे बाजारच्या दिवशी विकलं जातं आणि पैसा बाईच्या हातात येतो. पुरुषाला विचारलं तर उत्तर ‘काही नाही’ असं येईल.

शेवटी वाचन. सगळी माहिती जमली की पाड्याच्या सभेत एकत्रित आकडे मोठ्याने वाचा: चुली किती, माणसं किती, मे महिन्यात किती, जानेवारीत किती, धान्य सहा महिन्यांपेक्षा कमी पुरणारी घरं किती. घरागणिक कर्ज आणि उचल वाचू नका. मुकादम पाड्यातलाच असतो. पेसाच्या (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्याची वेगळी ग्रामसभा असेल तर ठराव तिथे घ्या आणि वहीवर तारीख टाका. नसेल आणि पाडा वेगळं गाव म्हणून घोषित करून घ्यायचा असेल, तर नकाशा, मतदारांची यादी आणि ही चूलवार यादी त्या प्रस्तावाला उपयोगी पडते. मूळ वही पाड्यात, प्रत ग्रामपंचायतीत. त्यानंतर दर जानेवारीत फक्त खुणा बदलायच्या. भट्टीवरच्या घरांची माहिती मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडून घ्या, आणि पोरं बरोबर गेली आहेत की आजीजवळ ठेवली आहेत हे त्याच वेळी लिहून घ्या, कारण जूनमध्ये ते कोणाला नेमकं आठवत नाही.